वास्तूबाहेर विचारलेला प्रश्न

श्रीमती शकुंतला बनसोडे मॅडम यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या शाळेच्या व्हरांड्यात. हातात बदलीचा आदेश आणि खांद्याला कापडी पिशवी. जत तालुक्यातल्या, कर्नाटकच्या हद्दीला खेटून असलेल्या त्या माध्यमिक शाळेचा मी मुख्याध्यापक होतो. जतला बदली म्हणजे शिक्षा, असा आमच्या संस्थेत सार्वत्रिक समज होता. येणारा शिक्षक पहिल्या दिवशी पाणी कुठून येते ते विचारी आणि दुसऱ्या दिवसापासून परत जायच्या खटपटीला लागे. मॅडमनी पाण्याचे विचारले नाही. त्या माण तालुक्यातल्या, त्यामुळे टँकरची त्यांना नवलाई नव्हती. हजर झाल्याची सही करून त्या म्हणाल्या, "सर, गेल्या वर्षी शाळेत होती आणि यंदा नाहीत, अशी मुलं किती? त्यांची नावं मिळतील का?" मी नावे दिली आणि मनाशी म्हटले, बाई कटकटीच्या दिसतात. हे मत मी पुढे बदलले, पण पूर्णपणे नाही.

मॅडमच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने मला 'कार्य, मूल्ये आणि आठवणी' या क्रमाने लिहायला सांगितले आहे. मी गणिताचा शिक्षक असल्याने क्रम पाळणे मला आवडते. परंतु मॅडमच्या बाबतीत या तीन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, असा माझा अनुभव आहे. शिवाय त्यांच्या कार्याविषयी लिहायचे तर माझ्या हातून घडलेली एक चूक मला सांगावी लागेल. ती मी सांगणार आहे. समितीला ती गौरवग्रंथात शोभणार नाही असे वाटले, तर त्यांनी सगळाच लेख गाळावा.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. मी कराडजवळच्या मलकापूरचा. घरात तीन पिढ्या फौजेत, वडील सुभेदार. रडायचे नाही, कुरकुर करायची नाही आणि सांगितलेले काम वेळेत करायचे, एवढ्या तीन कलमांवर आमचे घर चालले. शाळाही मी तशीच चालवली. निकाल चांगला लागत असे.

प्रत्येक शाळेने एका शिक्षकाकडे समुपदेशनाची जबाबदारी द्यावी, असे परिपत्रक त्या वर्षी आले होते. मुलांच्या आत्महत्या टाळण्यासाठी शाळांनी काय करावे, असा त्याचा विषय. नको असलेले काम नव्या माणसाच्या गळ्यात घालायचे, या शिरस्त्याप्रमाणे मी मॅडमचे नाव कळवले. त्या कुरकुरतील असे वाटले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि "बरं झालं" म्हणाल्या. त्यामागचे कारण मला वर्षभराने कळले. माणमधल्या शाळेत त्यांच्या वर्गातला एक विद्यार्थी असाच गेला होता. "त्याच्या वागण्यातला बदल मला दिसला होता, सर. विचारू, विचारू म्हणून चार दिवस गेले," एवढेच त्या बोलल्या. मीही पुढे विचारले नाही.

सांगलीत दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. तिथे एक जाडजूड पुस्तिका मिळाली. प्रशिक्षकांनी बोलता बोलता सांगितले की, परदेशात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत हाच कार्यक्रम त्यांच्या रीतीभाती पाहून, त्यांच्यातली मोठी माणसे सोबत घेऊन नव्याने बांधावा लागतो, कारण दुसऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलेले त्यांना लागू पडत नाही. मॅडमनी त्या दोन दिवसांत वहीत एवढे एकच वाक्य उतरवून घेतले. पुस्तिकेत मात्र शहरातल्या एका मुलीचे चित्र होते. तिला स्वतंत्र खोली, खिडकीला पडदे. उदास वाटल्यास आवडते संगीत ऐकावे, बागेत फेरफटका मारावा आणि रात्री जेवणाच्या टेबलावर आईबाबांशी मोकळेपणाने बोलावे, असा सल्ला होता. आमच्या मुलांपैकी काहींचे आईबाप मेंढरे घेऊन सहा सहा महिने बाहेर, काहींचे मुंबईत. मॅडमनी नववीच्या वर्गाला तो सल्ला वाचून दाखवला, तेव्हा एकाने हात वर करून गंभीरपणे विचारले, "मॅडम, ही बाग कुठल्या गावात हाय?" मॅडम त्या दिवशी वर्गात पोट धरून हसल्या आणि त्यांनी पुस्तिका माझ्या कपाटात आणून ठेवली. ती अजून तिथेच असावी.

मी माझ्या परीने सहकार्य केले होते. क्रीडासाहित्याची खोली रिकामी करून तिच्यावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी रंगवून घेतली होती. चार महिन्यांत तिथे एकही मूल फिरकले नाही. मॅडमनी मुलींना कारण विचारले. "तितं गेलं की समदी म्हणत्यात, येडी झाली," असे उत्तर आले. मॅडमनी शिपायाकडून पाटी उतरवून घेतली. मला न विचारता. मी जाब विचारला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, पाटी तुमच्या तपासणीसाठी होती. तपासणी झाली ना?"

त्यानंतर त्यांनी हात घातला तो शिष्यवृत्तीच्या यादीला. आमच्याकडे लिपिक वर्गात येऊन मोठ्याने सांगत, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." मग बौद्ध वस्तीतली, धनगर वाड्यांवरची मुले खाली मान घालून उभी राहत आणि बाकीचा वर्ग वळून पाही. मी ही पद्धत वीस वर्षे पाहिली होती, मला तीत काही वावगे दिसले नव्हते. मॅडम स्वतः बौद्ध कुटुंबातल्या. त्यांनी जातीवरून भाषण वगैरे काही दिले नाही. त्या फक्त म्हणाल्या, "सर, वर्षातून चार वेळा मुलाला सगळ्यांदेखत उभं करायचं आणि मग त्याला म्हणायचं की, बाळा, मन मोकळं कर. कसं करेल तो?" दुसऱ्या महिन्यापासून अर्ज बंद पाकिटातून घरी जाऊ लागले. हद्दीवरच्या वस्त्यांतून येणाऱ्या, घरी कन्नड बोलणाऱ्या मुलींसाठी त्यांनी चार कन्नड वाक्ये शिकून घेतली. "ऊटा आय्ता?" म्हणजे जेवलीस का, हे विचारताना त्यांचा उच्चार इतका वाईट असे की मुली हसत सुटत आणि हसता हसता बोलू लागत.

खरी अडचण पुढे आली. मुलाच्या मनात मरणाचा विचार आहे असे वाटले, तर आडवळणाने न जाता त्याला सरळ विचारायचे, हा या कामाचा गाभा. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखे वाटते, असे डॉक्टर सांगतात. मॅडमनी शिक्षकांच्या सभेत हे मांडले आणि तो प्रश्न सगळ्यांसमोर उच्चारला, "तुला जगू नये असं वाटतं का?" सभेत कुणी कुणाकडे पाहीना. आमच्या ज्येष्ठ शिक्षिका पवार बाई कानाला हात लावून म्हणाल्या, "आवं मॅडम, असलं अभद्र तोंडातनं काडायचं? वास्तू तथास्तु म्हणती. आमी बांगडी फुटली म्हणत न्हाई, वाढली म्हणतो. शुभ बोल नाऱ्या तर मांडवाला आग, तसं झालं हे."

मॅडम या श्रद्धेची टर उडवतील असे मला वाटले. त्यांचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण त्या म्हणाल्या, "बाई, वास्तू तथास्तु म्हणते ना? मग वास्तूत नका विचारू. मैदानात लिंब आहे, तिथं विचारा. वर आढं नाही, चारी बाजूंना भिंत नाही. तथास्तु म्हणायला आहेच कोण तिथं?" पवार बाई एकदम हसल्या. "मग जमंल," म्हणाल्या.

सभेनंतर मी मॅडमना विचारले, "तुम्ही हे मानता?" त्या म्हणाल्या, "मी नाही मानत. त्या मानतात. आणि विचारायचं त्यांना आहे." लिंबाखाली मुले डबे खात, पाठांतर करीत, त्यामुळे तिथे कोण कुणाशी काय बोलते याकडे कुणाचे लक्ष जात नसे. दर शनिवारी मॅडम एकेका शिक्षकाला तिथे नेऊन तो प्रश्न मोठ्याने तीन वेळा म्हणायला लावत. पवार बाईंनीही म्हटला. माझी पाळी आली तेव्हा मी कार्यालयीन काम काढले. त्यापुढच्या शनिवारीही काढले. मॅडमच्या ते लक्षात आले होते, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

आता माझी चूक. आमच्या भागात कोणताही विषय आला की त्याची वक्तृत्व स्पर्धा होते. स्वच्छता असो, लेक वाचवा असो, स्पर्धा ठरलेली. भाषण शिक्षक लिहिणार, मुले पाठ करणार, हातवारेही शिक्षकच बसवून देणार. मी 'आत्महत्या: एक सामाजिक समस्या' अशी तालुका पातळीची स्पर्धा घेतली आणि आमच्या शाळेचे भाषण स्वतः लिहिले. नववीतल्या अश्विनीला ते दिले. तिचे खरे नाव वेगळे आहे. हा मजकूर तिने वाचला आहे आणि छापायला परवानगी दिली आहे. भाषणात मी लिहिले होते की, आत्महत्या करणारा भ्याड असतो, तो रणांगणातून पळ काढतो, त्याला आईच्या दुधाची लाज नसते. सुभेदाराच्या मुलाला सुचेल असेच ते होते. मॅडमनी स्पर्धेआधी ते पाहायला मागितले होते. मी म्हणालो, "स्पर्धेदिवशीच ऐका." अश्विनीने ते असे म्हटले की सभागृह दणाणून गेले. तिला पहिला क्रमांक मिळाला. मी पुढच्या रांगेत बसून सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या. मॅडम मला म्हणाल्या, "सर, हे असं बोलायला नको होतं. ऐकणाऱ्यांत कुणाच्या घरी काय झालंय, आपल्याला माहीत नसतं." मला राग आला. बक्षीस मिळाले ते यांना बघवत नाही, असेही माझ्या मनात येऊन गेले.

त्यानंतर आठेक दिवसांनी मॅडम दुसऱ्या एका शाळेच्या बोलावण्यावरून तिथल्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला गेल्या होत्या. मधल्या सुट्टीत अश्विनीची मैत्रीण कार्यालयाच्या दाराशी येऊन उभी राहिली. मैत्रिणीचे दुखणे मोठ्यांना सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हे मॅडमनी मुलींच्या मनात पक्के बसवले होते. ती म्हणाली, "सर, मॅडम न्हाईत म्हून तुमाला सांगते. अश्विनीनं मला तिची सायकल दिली. म्हणली, ऱ्हाऊ दे तुलाच. वह्याबी वाटल्या. सर, तिचा भाऊ गेलाय न्हवं का दोन वर्सामागं. कॉलेजात व्हता, हॉस्टेलला. घरची अपघात म्हणत्यात, पर त्यो अपघात नव्हता."

अश्विनीची वस्ती शाळेपासून पाच किलोमीटर. सायकल देऊन टाकणे म्हणजे शाळेची वाट देऊन टाकणे, हे मला तेवढ्यात कळले. आणि आपण तिच्या तोंडी काय घातले होते, तेही. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सर, मला यायला दीड तास लागेल. तिला एकटी सोडू नका. आणि तुम्ही विचारा. आत्ता."

मी म्हणालो, "मॅडम, मला नाही जमणार. ते भाषण मी लिहिलंय."

"म्हणून तुम्हीच विचारा," त्या म्हणाल्या आणि निघण्यासाठी फोन ठेवला.

मी अश्विनीला वर्गातून बोलावून लिंबाखाली नेले. पाच मिनिटे मी तिला बीजगणिताचे विचारत होतो. मी भ्यालो होतो, हे इथे स्पष्ट लिहितो. शेवटी म्हणालो, "अश्विनी, तुला जगू नये असं वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का?"

ती जमिनीकडे पाहत होती. तशीच म्हणाली, "व्हय, सर."

मी विचारले, "कधीपासून?"

"आदीबी यायचं कवा कवा. पर भाषण पाठ करताना रोज मोठ्यानं म्हणायचं न्हवं का. घरात आई ऐकायची. दादा भ्याड व्हता म्हून मी रोज म्हणायची."

मी तिला सांगितले की भाषण माझे होते आणि ते चुकीचे होते. तिचा दादा भ्याड नव्हता. त्याला खूप त्रास होत होता आणि त्याला वेळेवर कुणी विचारले नाही, त्यात त्याचा किंवा तिचा दोष नाही. ती रडू लागली. तिला गप्प करायचे नाही, एवढे मॅडमच्या सभांतून माझ्या कानावर पडले होते, म्हणून मी तिला रडू दिले आणि शेजारी बसून राहिलो. काही वेळाने मीही रडलो. शाळेच्या मैदानावर, भर दुपारी. वडील असते तर त्यांनी काय म्हटले असते, हा विचार मला त्या वेळी आला नाही.

मॅडम आल्या, अश्विनीच्या आईला घेऊनच. आई म्हणाली, "मला दिसत व्हतं, मॅडम. पर इचारायचं भ्या वाटायचं. इचारलं आन् खरं झालं तर?" मॅडमनी तिला दोष दिला नाही. त्या म्हणाल्या, "वहिनी, खरं ते आधीपासूनच होतं. आता ते तिला एकटीला ओढावं लागणार नाही." त्याच दिवशी आम्ही तिघे अश्विनीला सांगलीच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. उपचार वर्षभर चालले. गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का, झोप लागते का, हे पाहायला मॅडम दोन महिने दररोज शाळा सुटल्यावर तिच्या वस्तीवर जात. अश्विनीला एकटी राहू द्यायची नाही, म्हणून शेजारच्या चार बायकांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. त्या पाळ्या मॅडमनी लावल्या, पण कुणी विचारले तर त्या बायकांचेच नाव सांगत. मैत्रिणीने सायकल परत आणून दिली, पाच किलोमीटर स्वतः चालवत.

या प्रकरणी मॅडमनी मला कधी दोष दिला नाही. पण सोडलेही नाही. पुढच्या प्रत्येक प्रशिक्षणात त्या मला घेऊन जात आणि सांगत, "आता सर त्यांच्या भाषणाची गोष्ट सांगतील." मी उभा राहून सांगत असे. आता सवय झाली आहे. माण, आटपाडी, जत या तिन्हीकडच्या अनेक शाळांत मी ती सांगितली आहे, आणि दर वेळी एखादे मुख्याध्यापक नंतर बाजूला घेऊन हळूच म्हणतात, "आमच्याकडेबी परवाच स्पर्धा झाली."

निवृत्तीनंतर मी मलकापूरला परतलो. मॅडमचा दर रविवारी फोन येतो. "कसं चाललंय, सर?" या प्रश्नाला "झकास" असे उत्तर दिलेले त्यांना चालत नाही. माझ्या पत्नीच्या निधनानंतर पहिल्या रविवारी त्यांनी मला तोच प्रश्न सरळ विचारला, जो मी लिंबाखाली विचारला होता. मी "नाही" म्हणालो. ते खरे होते. पण विचारणारे माणूस आहे, हे कळून मला फार बरे वाटले, हे त्यांना मी आजपर्यंत सांगितले नव्हते. मॅडमही आता सेवेतून निवृत्त झाल्या आहेत, मात्र पिशवी खांद्याला लावून एसटीने फिरणे थांबलेले नाही. डॉक्टरांनी गुडघ्यांना विश्रांती सांगितली आहे. ती त्या घेत नाहीत.

समितीने मला शुभेच्छांनी शेवट करायला सांगितले आहे. तो करण्याआधी एक मजकूर जसाच्या तसा देतो. अश्विनी आता सांगलीत नर्सिंग शिकते. लेख वाचून झाल्यावर तिने मला फोनवर दोन ओळी पाठवल्या आणि त्या छापायला सांगितल्या: "मॅडम, दादा एकोणीस वर्षांचा होता. या महिन्यात मला वीस पूर्ण झाली. आता मी दादापेक्षा मोठी आहे."

मॅडम, आपल्याला साठ वर्षे पूर्ण झाली. गुडघे धड राहोत, साखर आटोक्यात राहो आणि दर रविवारी आपण मला विचाराल त्याआधी मी आपल्याला विचारावे, एवढी सुबुद्धी मला मिळो. अश्विनी मोठी होते आहे. आपण तिच्या डोळ्यांदेखत सावकाश, भरपूर म्हाताऱ्या व्हा.